हसण्यावारी न नेण्याजोगे एक हसरे पुस्तक

आज मी आपल्याशी एका पुस्तकाविषयी चार शब्द बोलणार आहे. पुस्तक परदेशातले आहे, इंग्रजीत आहे, तेराशेहून अधिक पानांचे आहे, आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चित्रांनी भरलेले आहे. त्यात झाडाच्या पानासारखा दिसणारा आणि माणसासारखा बोलणारा एक किडा आहे, गाईंबरोबर शर्यत पळणारी म्हातारी आहे, आणि पकडलेली शिकार कशी शिजवावी यावरून भांडत बसणारे राक्षस आहेत. हे ऐकून आपल्यापैकी काहीजण म्हणतील, “गुरुजींना या वयात हे काय सुचलं!” म्हणा, खुशाल म्हणा. मी रागावणार नाही. कारण काही वर्षांपूर्वीपर्यंत मीही तेच म्हणत असे. आणि नुसते म्हणत नसे, तसा वागतही असे.

ती हकीगत आधी सांगून टाकतो, म्हणजे मन मोकळे होईल. तालुक्याच्या गावापासून लांब असलेल्या एका शाळेत मी शिकवीत होतो, तेव्हाची गोष्ट. सातवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगा बसत असे. वाचनात अगदी कच्चा. धडा वाचायला उभा केला की अक्षर लावता लावता त्याला घाम फुटे. एके दिवशी इतिहासाचा तास चालू असताना पाहतो तो काय, स्वारी पुस्तकात डोके खुपसून तल्लीन झालेली! जवळ गेलो, तर इतिहासाच्या पुस्तकाच्या पोटात दडवलेले चित्रांच्या गोष्टींचे एक फाटके मासिक. मी ते हिसकावून घेतले, वर्गाला दाखवून दोन टोमणे मारले आणि कपाटात टाकून कुलूप लावले. “वर्ष संपलं की घेऊन जा,” असे बजावले. वर्ष संपले. मी विसरलो आणि तो मागायला आला नाही. पुढे त्याने शाळाच सोडली.

आता एवढ्यावरून कोणी शाळा सोडीत नाही, हे मलाही कळते. घरची शेती होती, आणखीही कारणे होती. पण ज्या मुलाला धड्यातली चार वाक्ये वाचता येत नव्हती, तो ते फाटके मासिक आपणहून, चोरून, जीव लावून वाचीत होता. ही गोष्ट शिक्षक म्हणून माझ्या ध्यानात यायला हवी होती. ती आली नाही.

असो. या मुलाकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे. आता पुस्तकाकडे वळू.

एका दिवाळीच्या सुटीत माझी नात पुण्याहून गावी आली, ती विटेएवढे जाड पुस्तक बगलेत मारूनच. दुपारी माजघरात पालथी पडून वाचीत बसे आणि मध्येच एकटीच खिदळे. दोन दिवस मी गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी राहवेना. म्हटले, “काय गं, एवढं हसायला काय झालं?” ती म्हणाली, “आजोबा, तुम्हीच बघा ना! पण आधी ही चौकट बघा, मग ती.” मी आधी ही चौकट पाहिली, मग ती पाहिली, आणि श्रोतेहो, मला हसू आवरेना. त्या दिवसापासून सुटी संपेपर्यंत आमचा नेम ठरून गेला. ती इंग्रजीतून वाची आणि मी शेजारपाजारच्या पोरांसाठी त्याचे मराठी करून सांगे. सुटी संपली, नात गेली. पुस्तक मात्र मी ठेवून घेतले. त्यानंतर ते मी एकट्याने दोनदा वाचले.

पुस्तकाचे नाव ‘बोन’. बोन म्हणजे हाड. अशा पुस्तकाला इंग्रजीत ग्राफिक नॉव्हेल म्हणतात, आपण चित्रकादंबरी म्हणू. म्हणजे गोष्ट कादंबरीएवढी लांब, पण सांगायची ती चित्रांच्या चौकटींतून. पात्रांचे बोलणे त्यांच्या तोंडाजवळच्या फुग्यात लिहिलेले. लेखक आणि चित्रकार एकच, जेफ स्मिथ. यांचा जन्म १९६० सालचा. अमेरिकेतील ओहायो राज्यात कोलंबस या शहरी ते वाढले. विद्यापीठात शिकत असताना तेथील विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रात त्यांनी ‘थॉर्न’ नावाची एक चित्रमाला काढली. या पुस्तकातली मंडळी लोकांना पहिल्यांदा तिथे भेटली. पुढे १९९१ साली त्यांनी स्वतःचीच प्रकाशनसंस्था काढली आणि ‘बोन’चा पहिला अंक छापला. त्यांच्या पत्नी विजया अय्यर पुढे या धंद्यात त्यांच्या भागीदार झाल्या आणि त्यांनी व्यवहाराची बाजू सांभाळली. नाव ऐकून आपल्याला घरचे माणूस भेटल्यासारखे वाटते, नाही का?

तेव्हापासून २००४ सालापर्यंत, म्हणजे तेरा वर्षे, हा गृहस्थ एकच गोष्ट काढीत राहिला. एकूण ५५ अंक झाले. मग ते सगळे एकत्र करून एक जाड पुस्तक निघाले. माझ्या नातीने आणले ते हेच. मूळ चित्रे काळ्या शाईची, कुंचल्याने काढलेली. २००५ सालापासून याच गोष्टीची नऊ भागांतली रंगीत आवृत्ती निघू लागली, आणि मुलांच्या हाती बहुधा तीच पडते. अमेरिकेत चित्रकथांसाठी आयस्नर आणि हार्वी या नावांची मानाची पारितोषिके आहेत. त्यांपैकी दहा आयस्नर आणि अकरा हार्वी या एका कृतीने मिळवली. पण पारितोषिकांवरून पुस्तक जोखू नये, ते वाचून जोखावे, असे मी मुलांना सांगत आलो आहे. तेव्हा आता गोष्टच ऐका.

बोनव्हिल नावाचे एक गाव. तिथले तीन चुलतभाऊ. अंगाने ठेंगणे, गुळगुळीत, पांढरेशुभ्र, आणि नाक हे एवढे मोठे. एकाचे नाव फोनी. इंग्रजीत फोनी म्हणजेच मुळी ढोंगी! पैसा दिसला की याचे डोळे चमकतात. दुसरा स्मायली, म्हणजे हसऱ्या. उंच, लुकडा, तोंडात सिगार, आणि जगाची काडीइतकी काळजी नाही. तिसरा फोन बोन. सरळमार्गी, मायाळू, पुस्तकवेडा. हरमन मेलव्हिल यांची १८५१ साली प्रसिद्ध झालेली ‘मोबी डिक’ ही जाडजूड कादंबरी हा सदैव जवळ बाळगतो. मौज अशी की तो ती मोठ्याने वाचू लागला की ऐकणारे हमखास झोपी जातात. शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या वर्गातही असे कधीकधी होते. तेव्हा हा विनोद मला जरा जास्तच लागला!

फोनी नगराध्यक्षाच्या निवडणुकीला उभा राहिला आणि त्याने असा काही घोळ घातला की सारा गाव खवळून उठला. त्याला गावाबाहेर पळ काढावा लागला. भावाला एकटे कसे सोडावे म्हणून दुसरे दोघेही त्याच्याबरोबर निघाले. वाळवंटात वाट चुकली, टोळधाड आली, तिघांची ताटातूट झाली, आणि एकेक करून ते डोंगरांनी वेढलेल्या एका अनोळखी खोऱ्यात जाऊन पडले. या खोऱ्यात जनावरे बोलतात. ड्रॅगन आहे, म्हणजे आग ओकणारे ते प्रचंड जनावर. आणि माणसेही आहेत. थॉर्न नावाची एक मुलगी आपल्या आजीबरोबर शेतावर राहते. फोन बोन तिला पाहतो आणि बिचारा तिच्यावर भाळतो. लपूनछपून वाईट कविता करू लागतो. पुढे हळूहळू उलगडते, की ही गाई राखणारी आजी एके काळची राणी आहे आणि थॉर्न ही राजकन्या आहे. तिच्या मागावर उंदरासारख्या केसाळ राक्षसांची फौज आहे, आणि त्या फौजेमागे आणखी काळी शक्ती उभी आहे.

म्हणजे पाहा, गोष्ट सुरू होते एका फसलेल्या निवडणुकीपासून आणि जाऊन पोचते एका राज्याच्या रक्षणापर्यंत. आणि ही दोन टोकेसुद्धा लेखकाने विनोदाच्याच धाग्याने बांधली आहेत. प्रचारासाठी फोनीने आपल्या रूपाचा एक अवाढव्य फुगा केला होता. तो सुटून वाऱ्यावर भरकटत त्याच खोऱ्यात येतो. त्यावरची पाटी फाटलेली. ती पाहून शत्रूच्या गोटात समजूत होते, की हा छातीवर चांदणीवाला गोल टकल्या कोणी फार मोठा, भविष्य बदलणारा पुरुष असला पाहिजे! निवडणुकीच्या फुग्याने लढाईची दिशा फिरावी, ही कल्पनाच किती गमतीची आहे.

आता नातीने मला दाखवलेल्या त्या दोन चौकटी कोणत्या, ते सांगतो. दोन उंदीरराक्षस फोन बोनच्या मागे लागले आहेत. तो जीव घेऊन पळतो. समोर कडा. तो उडी घेतो आणि एका काडीसारख्या बारीक फांदीला लोंबकळतो. मनाशी म्हणतो, या एवढ्याशा फांदीवर माझ्या मागोमाग यायला ते राक्षस काही इतके मूर्ख नसतील. चौकट संपली. पुढच्या चौकटीत पाहावे, तर दोघे राक्षस त्याच फांदीला लोंबकळताहेत! मग फांदी मोडते हे सांगायला नकोच.

मी यावर पुष्कळ विचार केला. यात हसू नेमके कुठे आहे? पहिल्या चौकटीत नाही. दुसरीतही पुरतेपणी नाही. ते आहे त्या दोन चौकटींच्या मधल्या बोटभर कोऱ्या जागेत. तिथे लेखकाने काहीच काढलेले नाही. राक्षसांनी उडी कशी घेतली, का घेतली, हे सारे वाचणारा मनातल्या मनात भरून काढतो आणि म्हणून हसतो. चित्रांच्या गोष्टी वाचणारे मूल नुसते चित्रे पाहत नसते. ते प्रत्येक कोऱ्या पट्टीवरून एकेक उडी मारीत असते. आमचा तो शेवटच्या बाकावरचा मुलगा त्या तासाला हेच करीत होता, आणि मी त्याला वाचनचोर ठरवले.

ते दोन राक्षस पुढे पुन्हा पुन्हा भेटतात. एकाला फोन बोनची कीश करून खायची आहे. कीश हा अंडी-दूध घालून भट्टीत भाजलेला एक नाजूक फ्रेंच पदार्थ आहे. दुसऱ्याला ही थेरे मुळीच पसंत नाहीत. आपल्या बकासुराने गाडाभर अन्न समोर असताना साजूक तुपातल्या करंजीसाठी अडून बसावे, तसा हा प्रकार! त्यांचे भांडण रंगते आणि शिकार निसटून जाते. पण लक्षात घ्या, हेच उंदीरराक्षस जेव्हा रात्रीच्या अंधारात आजीच्या शेतावर चाल करून येतात, तेव्हा ते खरोखर भयंकर असतात. मी हा भाग सांगत होतो तेव्हा आतापर्यंत हसणारी आमच्या ओटीवरची पोरे सरकत सरकत एकमेकांना चिकटून बसली.

माझ्या मते या पुस्तकाचे मर्म इथे आहे. इथे विनोद आणि भय यांचे वेगवेगळे कप्पे नाहीत. आपल्याकडे वगात जसा राजा सिंहासनावर असतो आणि बाजूलाच सोंगाड्या उभा असतो, तसेच हे आहे. सोंगाड्या आहे म्हणून राजाचे दुःख खोटे ठरत नाही. उलट हसून हलके झालेले मन ते दुःख अधिक नीट झेलते. ‘बोन’मध्ये पुढे काही जिवाभावाची माणसे जातात. कोण, ते मी सांगत नाही. पण तेराशे पाने ज्यांच्याबरोबर हसलो, त्यांच्यापैकी एकजण गेला, तेव्हा मला घरचे कोणी गेल्यासारखे वाटले.

आता ती गाईंची शर्यत. हा भाग मी आमच्या गावच्या पारावर, बैलगाड्यांच्या शर्यती पाहिलेल्या मंडळींना सांगितला. खोऱ्यात दरवर्षी जत्रा भरते आणि गाई पळतात. त्यांच्याबरोबर थॉर्नची आजीही पळते. अनवाणी बिनवाणी नव्हे, चांगली पदर खोचून पळावे तशी, आणि जिंकते! हे ऐकून एक वयस्क शेतकरी म्हणाले, “गुरुजी, गाय कुठल्या जातीची होती ते सांगा, मग म्हातारीचं बघू.” सगळे हसले.

खोऱ्यात नाणी-नोटा चालत नाहीत. लोक अंडी, कोंबड्या, दूधदुभते यांवर व्यवहार करतात. फोनीच्या खिशातल्या नोटांना तिथे कोणी विचारीत नाही, हे त्याचे मोठे दुःख. तो युक्ती काढतो. स्मायलीला गाईचे सोंग देतो आणि अफवा उठवतो, की यंदा एक अज्ञात, भयंकर चपळ गाय येणार आहे आणि आजी आता थकली आहे. लोक या सोंगाच्या गाईवर आपले किडूकमिडूक लावतात. आजी जिंकणार आणि सारे आपल्या घरात येणार, असा फोनीचा हिशेब. इतक्यात खानावळीचा मालक ल्यूशियस पुढे येतो आणि आजीवर आपली सबंध खानावळ लावतो. झाले! आता आजी जिंकली तर फोनी बुडाला. म्हणजे सोंगाची गाय आता खरोखरीच जिंकायला हवी! लबाडाने खणलेल्या खड्ड्यात लबाड कसा पडतो, हे मी कितीतरी बोधकथांतून शिकवले आहे. पण त्या बोधकथा ऐकून पोरे जांभया देत. या गोष्टीत ती पुढे काय होते म्हणून माझा सदरा ओढीत होती.

यापेक्षाही महत्त्वाचा वाटला तो पुढचा एक प्रसंग. खोऱ्यात संकटाची चाहूल लागली आहे. लोक घाबरलेले आहेत. पण कशाला घाबरायचे ते त्यांना नीट कळत नाही. फोनी हे हेरतो. तो सांगू लागतो, की सारा धोका ड्रॅगनपासून आहे आणि मी ड्रॅगन मारण्यात पटाईत आहे. वास्तविक ड्रॅगन लोकांचा वैरी नाही. त्यानेच फोन बोनला आणि थॉर्नला वाचवले आहे. पण घाबरलेल्या माणसाला विचारायला सवड नसते. कालपर्यंत ल्यूशियसचा शब्द मानणारे लोक त्याला सोडून या उपऱ्या लबाडाच्या मागे लागतात. आणि गंमत म्हणा की शिक्षा म्हणा, एके दिवशी ड्रॅगन खरोखरच सापळ्यात सापडतो. आता जमाव ओरडतो, “मार त्याला!” फोनीचे पाय लटपटतात. धंदा भीतीचा होता, पण गिऱ्हाईक आता माल मागू लागले.

हा प्रसंग वाचला त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. आपल्या गावांतही अफवा येतात. मुले पळवणारी टोळी आली म्हणून कुणीतरी सांगतो आणि वाटसरूंवर हात पडतात. २०१८ साली धुळे जिल्ह्यात राईनपाडा येथे अशाच अफवेपायी भिक्षा मागून पोट भरणाऱ्या पाच निरपराध माणसांचा जमावाने जीव घेतला. ते आपण विसरू शकत नाही. भीती विकणारा माणूस कसा बोलतो, लोक त्याच्याकडे का ओढले जातात, आणि पुढे तो स्वतःच कसा तिच्या हाती सापडतो, हे मुलांना व्याख्यान देऊन पटत नाही. या पुस्तकात ते फोनीला हसता हसता पाहतात. आणि ज्या सोंगाला आपण एकदा मनसोक्त हसलो, ते सोंग पुन्हा समोर आले तर ओळखू येते. माझा या पुस्तकावर जीव जडला तो मुख्यतः यामुळे.

आणखी एक. स्मायलीला उंदीरराक्षसाचे एक पिल्लू सापडते. शत्रूचे पोर! बाकीच्यांच्या कपाळाला आठ्या. पण स्मायली त्याला बार्टलबी असे नाव ठेवतो आणि पोटच्या पोरासारखे जपतो. ज्याला सगळे बिनडोक समजतात त्यालाच हे सुचावे, हे मला फार आवडले.

पण नुसती स्तुती करून कसे चालेल? दोषही सांगायला हवेत. शेवटच्या तिसऱ्या भागात पात्रे शहरात जातात, तिथे नवी माणसे, नवी कारस्थाने येतात. स्वप्नांचे आणि भविष्यांचे नियम एकावर एक चढत जातात. माझी नात म्हणाली, “आजोबा, इथं मला दोनदा मागं जाऊन वाचावं लागलं.” मला चारदा जावे लागले. या भागात हसूही पातळ होते. सगळ्यांमागची जी काळी शक्ती, टोळांचा अधिपती, ती अखेरपर्यंत सावलीसारखीच राहते. तिच्यापेक्षा कीशवरून भांडणारे दोन मूर्ख राक्षस मला अधिक खरे वाटले. आणि एक तक्रार कोणी करील, की एवढे रामायण घडून फोनी काही सुधारला नाही. ती तक्रार मात्र मला मान्य नाही. माणसे एका लढाईने सुधारतात, असे मी तरी आयुष्यात पाहिलेले नाही. भाऊ त्याला तसाच सांभाळून घेतात, हेच मला खरे वाटते.

पालकांसाठीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकन ग्रंथालय संघ दरवर्षी एक यादी काढतो, लोकांनी ज्या पुस्तकांवर सर्वांत जास्त हरकती घेतल्या त्यांची. २०१३ सालच्या यादीत पहिल्या दहांत ‘बोन’ होते. हरकतींत हिंसेचाही उल्लेख होता. ही एक हरकत अगदीच खोटी नाही. पुस्तकात लढाया आहेत, राक्षसांच्या राजाचा हात तुटतो; खानावळीत मद्य आहे आणि स्मायलीच्या तोंडात सिगार आहे. माझे मत विचाराल तर, अगदी लहानांच्या हाती हे एकट्याने देऊ नये. चौथी-पाचवीच्या पुढच्या मुलांबरोबर मोठ्यांनी बसून वाचावे. आमच्या ओटीवर एका पोराने विचारले, “स्मायली विडी ओढतो, मग तो चांगला कसा?” त्यावर अर्धा तास बोलणे झाले. हरकत घेऊन पुस्तक कपाटात टाकले असते तर तो अर्धा तास आम्हाला कुठून मिळाला असता?

काहींना वाटेल, चित्रांतून गोष्ट सांगणे ही परदेशी रीत आहे. तसे नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तिथले ठाकर कलावंत पिढ्यान् पिढ्या चित्रकथी सांगत आले आहेत. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रे एकेक करून पुढे धरायची आणि गात गात कथा सांगायची. तिथल्या परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. एक चित्र मागे जाऊन दुसरे पुढे येते, त्या मधल्या क्षणी ऐकणाऱ्याचे मन जे करते, तेच चौकटीचौकटींमध्ये वाचणाऱ्याचे मन करते.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, अनुभवाने सुचलेल्या तीन गोष्टी सांगतो. कुठलीही बरी चित्रकथा घ्या, ‘बोन’च हवी असे नाही. पहिली गोष्ट, पानाची शेवटची चौकट कागदाने झाका आणि विचारा, “आता काय होईल?” जे मूल कधी हात वर करीत नाही, ते इथे करते. दुसरी, फुग्यातले शब्द झाकून मुलांना स्वतःचे शब्द घालायला सांगा. आपल्या बोलीत घालू द्या, शुद्धलेखन मागाहून बघता येईल. आणि तिसरी, वाचनात कच्चे असलेले मूल काय चोरून वाचते, ते हिसकावण्याआधी एकदा त्याच्या शेजारी बसून पाहा.

आता त्या मुलाविषयी. शाळेतून निवृत्त होताना कपाट आवरले, तेव्हा तळाशी ते मासिक सापडले. घरी आणून ठेवले, पण द्यायला जायचा धीर होईना. हे पुस्तक वाचून झाल्यावर एका बाजाराच्या दिवशी पिशवीत घातले आणि गेलो. तो आता बाजारात भाजी घेऊन बसतो. डोक्यावरचे केस पिकू लागले आहेत. त्याने मासिक हातात घेतले, उलटून पाहिले आणि म्हणाला, “गुरुजी, हे अजून हाय?” मग एकेक पान सावकाश उलटीत शेवटच्या पानापर्यंत गेला. तिथे गोष्ट अर्धवट होती, ‘पुढील अंकी’ असे छापलेले. तो थोडा वेळ तसाच बघत राहिला. म्हणाला, “पुढं काय झालं ते राहूनच गेलं बघा.”

मला काही बोलता आले नाही. कांदे तोलून घेतले आणि निघालो.

त्याचा धाकटा मुलगा पाचवीत आहे. दर रविवारी सकाळी तो आमच्या ओटीवर येतो आणि आम्ही ‘बोन’ वाचतो. मी इंग्रजी लावतो, तो चित्रे लावतो. आणि चित्रे लावण्यात तो माझ्या पुढे असतो. आम्ही गाईंच्या शर्यतीपाशी आलो आहोत. गेल्या रविवारी त्याचा बापही आला होता. “बसतो इथंच,” म्हणून उंबऱ्याशी टेकला. आजीवर ल्यूशियसने खानावळ लावली तिथे मी पुस्तक मिटले आणि म्हटले, बाकीचे पुढच्या रविवारी. पोरगा कुरकुरला. बाप मात्र हसून म्हणाला, “न्हाई गुरुजी, एवढं आजच सांगून टाका.”

मी पुस्तक पुन्हा उघडले.